स्टीम जनरेटरचे ब्लोडाऊन थंड कसे करावे: पहिल्या आकडेमोडीपासून रोजच्या देखरेखीपर्यंत

पूर्व द्रुतगती महामार्गावरून मुलुंड-भांडुपच्या बाजूला जाताना खाडीकडे मिठागरांचे चौकोन दिसतात. भरतीचे पाणी आत घ्यायचे, बांध घालून अडवायचे, आणि उन्हाने पाणी उडून गेले की मीठ जागेवर राहते. अणुवीज केंद्रातील स्टीम जनरेटरचे, म्हणजे अणुभट्टीकडून आलेल्या गरम पाण्याच्या नळ्यांभोवती दुसरे पाणी उकळवून वाफ करणाऱ्या पात्राचे, गणितही मिठागराचेच आहे. टर्बाइनकडे जाणारी वाफ जवळजवळ निर्भेळ असते; फीडवॉटरबरोबर, म्हणजे आत सोडल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर, आलेले सोडियम, क्लोराईड, सल्फेट आणि लोहाच्या ऑक्साईडचे बारीक कण मागे राहतात आणि तासागणिक साठत जातात. हा साठा आटोक्यात ठेवण्यासाठी ट्यूबशीटच्या (नळ्यांची टोके बसवलेल्या जाड पत्र्याच्या) जवळून, म्हणजे गाळ जिथे बसतो तिथून, थोडे पाणी सतत बाहेर काढले जाते. चेंबूर-माहुलच्या कारखान्यांत बॉयलरवर काम करणारे याला ब्लोडाऊन देणे म्हणतात आणि अणुवीज केंद्रातही शब्द तोच आहे.

ब्लोडाऊन बाहेर काढणे अवघड नाही. ते पाणी सुमारे ४० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे आणि २५० अंश सेल्सिअस तापमानाचे असते. त्याला माणसाच्या, पाइपच्या आणि रेझिनच्या (पाण्यातले क्षार पकडणाऱ्या मण्यांच्या) सोसण्याइतके थंड करणे हे खरे काम आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून किंवा तशाच एखाद्या महाविद्यालयातून बाहेर पडून या क्षेत्रात येणारे तरुण अभियंते अणुभट्टी आणि टर्बाइन मन लावून शिकतात, मात्र ब्लोडाऊन कूलरला जोडकाम समजून पुढे जातात, असे मी अनेकदा पाहिले आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यातली बहुतेक पावले एकाच क्रमातून निघतात: आधी थंड करा, मग दाब उतरवा, मग शुद्ध करा. हा क्रम कुठे मोडला तर काय होते, हे जागोजागी दाखवण्याचा प्रयत्न मी केला आहे.

पणाला काय लागलेले असते, ते मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या तारापूरकडे पाहून कळते. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या, तेव्हा प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॅट होती. त्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या असल्या तरी त्यांना दुय्यम स्टीम जनरेटरही जोडलेले होते. त्यांच्या नळ्यांमध्ये गळती होत गेल्याने ते जनरेटर बाजूला काढावे लागले आणि प्रत्येक अणुभट्टीची क्षमता १६० मेगावॅटवर आणावी लागली. नळी ही एवढी महाग गोष्ट आहे, आणि नळीच्या बाहेरचे पाणी कसे राहते हे बऱ्याच अंशी ब्लोडाऊन ठरवते.

पहिले पाऊल: किती पाणी काढायचे ते ठरवणे

उदाहरणासाठी २२० मेगावॅटची जड पाण्याची अणुभट्टी घेऊ. तिला चार स्टीम जनरेटर आहेत आणि प्रत्येकातून तासाला ३३० टन, म्हणजे एकूण १,३२० टन वाफ निघते, असे धरू. स्थिर अवस्थेत जेवढी अशुद्धी आत येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे आणि ती मुख्यतः ब्लोडाऊनमधूनच जाते. म्हणून जनरेटरमधील पाण्याची तीव्रता ही फीडवॉटरमधील तीव्रतेला फीडवॉटरच्या प्रवाहाने गुणून ब्लोडाऊनच्या प्रवाहाने भागले की मिळते. ब्लोडाऊन वाफेच्या १ टक्का असेल तर अशुद्धी साधारण शंभरपट होते आणि अर्धा टक्का असेल तर दोनशेपट.

हे शंभरपट किती गंभीर आहे, ते समुद्रकाठच्या केंद्रात लगेच कळते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड असते. टर्बाइनमधून आलेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या एखाद्या नळीतून तासाला फक्त एक लिटर समुद्राचे पाणी आत झिरपले, तरी १,३२० टन कंडेन्सेटमध्ये, म्हणजे त्या वाफेच्या पाण्यात, क्लोराईड दर अब्ज भागांत १४ ते १५ भाग एवढे चढते. फीडवॉटरमध्ये हा आकडा लहान वाटतो. स्टीम जनरेटरमध्ये मात्र तो दर दशलक्ष भागांत जवळपास दीड भाग होतो, आणि ट्यूबशीटवरच्या गाळाखाली, जिथे पाणी हलत नाही, तिथे याहून कितीतरी अधिक. १९७०च्या दशकात अमेरिकेतील अनेक केंद्रांत आधार-पट्ट्यांच्या छिद्रांमध्ये लोखंडाचा गंज फुगून नळ्या दाबल्या गेल्या, त्यामागे कंडेन्सरमधून आलेल्या क्लोराईडचा मोठा वाटा होता.

वेळेचेही भान ठेवावे लागते. एका जनरेटरमध्ये ३० टन पाणी आहे आणि त्यातून तासाला ३.३ टन ब्लोडाऊन जात आहे असे धरले, तर भागाकार ९ तास येतो. गळती बंद केल्यावर पहिल्या ९ तासांत अशुद्धीचा सुमारे ६३ टक्के भाग निघून जातो, तर ९५ टक्के जाण्यासाठी २७ तास लागतात. म्हणजे रात्रपाळीने गळती शोधून बंद केली तरी आकडे पूर्ववत व्हायला पुढचा अख्खा दिवस जाणार. म्हणूनच कूलरची क्षमता नेहमीच्या प्रवाहापुरती ठेवू नये; सुरुवातीच्या काळात आणि अशा अडचणीच्या वेळी प्रवाह वाढवता येईल इतकी मोकळीक त्यात हवी.

दुसरे पाऊल: उष्णतेचा हिशेब

चारही जनरेटर मिळून १ टक्का ब्लोडाऊन म्हणजे तासाला १३.२ टन, अर्थात सेकंदाला ३.६७ किलो. २५० अंशांच्या संपृक्त पाण्यात दर किलोमागे सुमारे १,०८६ किलोज्यूल उष्णता असते आणि ५० अंशांच्या पाण्यात २०९. फरक ८७७ किलोज्यूलचा, त्याला ३.६७ ने गुणले की ३.२ मेगावॅट मिळतात. एवढी उष्णता थंड पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू देऊन काढायची ठरवली, तर सेकंदाला ७७ किलो, म्हणजे तासाला सुमारे २७५ टन पाणी लागते. तेरा टन गरम पाण्यासाठी पावणेतीनशे टन थंड पाणी फिरवायचे आणि वर ३.२ मेगावॅट उष्णता वर्षभर फेकून द्यायची, हे कुणालाही पटणार नाही. म्हणून बहुतेक रचनांमध्ये ही उष्णता परत घेतली जाते.

तिसरे पाऊल: रचना निवडणे

येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट फ्लॅश टँकची. ब्लोडाऊनचा दाब एकदम उतरवला की पाण्याचा काही भाग आपोआप वाफ होतो. वातावरणाच्या दाबापर्यंत उतरवले तर सुमारे ३० टक्के पाण्याची वाफ होते. ५ बार दाबाच्या टाकीत सोडले तर सुमारे २१ टक्के. ही वाफ डीएरेटरला (फीडवॉटरमधले वायू काढणाऱ्या टाकीला) किंवा फीडवॉटर हीटरला देता येते, आणि टाकीत उरलेले पाणी लहान कूलरमधून पुढे पाठवता येते. रचना सोपी आहे, उष्णता थेट परत मिळते आणि कूलर छोटा होतो. कारखान्यातल्या बॉयलरसाठी मी निःशंकपणे हीच वाट सुचवीन.

दुसऱ्या वाटेत पाण्याचा दाब तसाच ठेवून त्याला उष्णता विनिमयकातून नेतात, कंडेन्सेटला उष्णता देत देत ६० अंशांपर्यंत आणतात, मग दुसऱ्या छोट्या कूलरमध्ये बंद चक्रातील पाण्याने ४५ ते ५० अंशांवर आणतात आणि त्यानंतरच दाब उतरवतात. वेस्टिंगहाऊसच्या एपी-१००० या अणुभट्टीत अशाच प्रकारे कंडेन्सेटने ब्लोडाऊन थंड केले जाते आणि पुढे रेझिनच्या टाक्यांऐवजी विजेच्या साहाय्याने आयन वेगळे करणारी उपकरणे वापरली जातात.

अणुवीज केंद्रासाठी माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. एखाद्या नळीला गळती लागली तर अणुभट्टीच्या बाजूचे पाणी ब्लोडाऊनमध्ये उतरते. त्यातले वाफेबरोबर उडणारे पदार्थ फ्लॅश टँकमधून थेट डीएरेटरकडे जातात, आणि ब्लोडाऊनच्या वाटेवरच्या मापकासमोरून जाण्याआधीच ते दुसऱ्या वाटेने निघून गेलेले असतात. पाणी पाणीच राहिले तर ते एका पाइपात राहते, त्याचे मापन करता येते आणि एक व्हॉल्व्ह बंद करून त्याला थांबवता येते.

चौथे पाऊल: विनिमयकाचा आकार आणि बारकावे

मुख्य विनिमयकात ब्लोडाऊन २५० वरून ६० अंशांवर येते आणि कंडेन्सेट ४२ वरून १२० अंशांवर जाते असे धरू. दर किलो ब्लोडाऊनमागे ८३५ किलोज्यूल, म्हणजे एकूण ३.०६ मेगावॅट उष्णता हलवायची आहे. त्यासाठी तासाला सुमारे ३४ टन कंडेन्सेट पुरते. प्रवाह परस्परविरुद्ध दिशेचे असतील तर गरम टोकाला तापमानाचा फरक १३० अंश आणि थंड टोकाला १८ अंश राहतो. त्यांची लॉगरिदमिक सरासरी साधारण ५७ अंश येते. नळ्यांवर बसणाऱ्या थराची सवड धरून उष्णता-वहनाचा गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला १,००० वॅट घेतला, तर ५४ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो.

थंड टोकाच्या १८ अंशांकडे विशेष लक्ष द्यावे. डिसेंबरमध्ये ते सहज मिळतात. मे महिन्यात समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते, कंडेन्सरची निर्वात अवस्था उतरते, कंडेन्सेट गरम होते आणि हेच १८ अंश १२-१३ वर येतात. त्यामुळे आकार नेहमी वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यासाठी काढावा.

दुसऱ्या कूलरला समुद्राचे पाणी थेट कधीही देऊ नये. नळी फुटलीच तर चालू असताना ब्लोडाऊनचा दाब जास्त असल्याने किरणोत्सर्गाची शक्यता असलेले पाणी समुद्राकडे जाईल, आणि बंद असताना उलट दिशेने मीठ आत येईल. मध्ये शुद्ध पाण्याचे बंद चक्र असावे आणि त्या चक्रावरही किरणोत्सर्ग मापक असावा. या कूलरच्या शेलवर (बाहेरच्या कवचावर) रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, दोन कारणांनी लागतो: एक, फुटलेल्या नळीतून ४० किलोचा दाब कमी दाबाच्या बाजूला येतो, दोन, कुणी थंड बाजूचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून गरम बाजू चालू ठेवली तर आत कोंडलेले पाणी तापून फुगते. दुसरे कारण आराखड्यात नेहमी सुटते. पाइपांचे आरेखन तपासताना मी सर्वांत आधी तेच शोधतो.

पाचवे पाऊल: व्हॉल्व्ह आणि पाइप

दाब उतरवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह दोन्ही कूलरच्या नंतर येतो. ५० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब फक्त ०.१२ बार असल्याने दाब ४० वरून १० वर आणला तरी व्हॉल्व्हनंतर पाण्याची वाफ होत नाही. व्हॉल्व्हच्या अरुंद मार्गात मात्र दाब क्षणभर फार खाली जाऊ शकतो आणि बुडबुडे फुटून धातू कोरला जातो. म्हणून दाब टप्प्याटप्प्याने उतरवणारा, अनेक पायऱ्यांचा व्हॉल्व्ह घ्यावा. हाच व्हॉल्व्ह कूलरच्या आधी बसवला, तर त्याच्यापुढे पाणी आणि वाफ यांचे मिश्रण प्रचंड वेगाने धावते आणि पहिली बळी ठरते ती पुढची वाकडी जोडणी.

वाहत्या पाण्यामुळे साध्या कार्बन स्टीलची होणारी झीज १३० ते १५० अंशांच्या आसपास सर्वाधिक असते. दोन विनिमयक एकापुढे एक जोडले असतील आणि त्यांच्या मधल्या पाइपात तापमान नेमके एवढेच असेल, तर तो पाइप क्रोमियम असलेल्या मिश्र पोलादाचा घ्यावा. क्रोमियमचे प्रमाण एक-दोन टक्के असले तरी झीज खूप कमी होते. जपानमधील मिहामा केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी कंडेन्सेटचा पाइप ऑरिफिसच्या (प्रवाह मोजण्यासाठीच्या छिद्राच्या चकतीच्या) पुढे फुटला आणि ५ कामगार दगावले. १९७६पासून चालू असलेल्या त्या पाइपची मूळची १० मिलिमीटर जाडी दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती आणि ती जागा तपासणीच्या यादीतून सुटलेली होती. ब्लोडाऊनचा पाइप लहान असतो, म्हणून त्याला यादीत जागा मिळत नाही. ती आग्रहाने मिळवावी.

सहावे पाऊल: रेझिनचे रक्षण

थंड झालेले पाणी गाळणीतून रेझिनच्या टाकीत जाते आणि तेथून शुद्ध होऊन कंडेन्सरकडे परतते. धन आयन पकडणारे रेझिन बरेच तापमान सोसते. ऋण आयन पकडणारे तीव्र रेझिन मात्र ६० अंशांच्या वर विघटित होऊ लागते. तेव्हा ते अमाइन सोडते आणि पकडलेले क्लोराईड धरून ठेवण्याची त्याची ताकद जाते.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. मुंबईतल्याच एका रासायनिक कारखान्यात, माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, कंडेन्सेट शुद्ध करणाऱ्या टाकीचे झाकण आम्ही उघडले तेव्हा सुक्या बोंबलांसारखा उग्र वास आला. खाडीकडून वारा होता, त्यामुळे तो कोळीवाड्यातल्या वाळवणाचाच असावा असे सगळ्यांनी गृहीत धरले. वास टाकीतूनच येत होता. आधीच्या कूलरचे पाणी दोन दिवस अर्ध्यावर आले होते, तापमानाचा इशारा बंद करून ठेवलेला होता, आणि टाकीतले सोनेरी मणी गडद तपकिरी झाले होते. हातात घेतलेले मणी अजून कोमट होते. तेव्हापासून रेझिनच्या आधी दोन स्वतंत्र तापमापक असावेत, ५५ अंशांवर इशारा व ६० अंशांवर टाकीकडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा, आणि ती साखळी पाळीतल्या कुणालाही एका बटनाने तोडता येऊ नये, याबाबत मी तडजोड करीत नाही.

कंडेन्सेटने थंड होणाऱ्या रचनेत आणखी एक साखळी लागते. टर्बाइन अचानक बंद पडून कंडेन्सेटचा प्रवाह घटला की ब्लोडाऊनही लगेच बंद झाले पाहिजे, नाहीतर २५० अंशांचे पाणी थेट दुसऱ्या कूलरवर येऊन आदळते.

सातवे पाऊल: गळतीवर नजर

प्रत्येक जनरेटरचे ब्लोडाऊन एकत्र मिसळण्यापूर्वी प्रत्येकाचा स्वतंत्र नमुना घेता आला पाहिजे. एकत्रित पाइपावरचा मापक गळती आहे एवढेच सांगतो, ती कोणत्या जनरेटरला आहे ते सांगत नाही. जड पाण्याच्या अणुभट्टीत ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप) हा सर्वांत संवेदनशील साक्षीदार आहे, कारण प्राथमिक चक्रातील जड पाण्यात तो विपुल असतो आणि साध्या पाण्यात जवळजवळ नसतो. ट्रिटियमला रेझिन अडवू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे: आयोडीन आणि सीझियम टाकीत अडकतील, ट्रिटियम पाण्याबरोबर पुढे जाईल. म्हणून ब्लोडाऊन बाहेर सोडण्याची सोय असेल, तर मापकाचा इशारा मिळताच ती वाट आपोआप बंद झाली पाहिजे. सोडायच्या मर्यादा एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) ठरवलेल्या असतात आणि त्या मोडून चालत नाही. अणुभट्टीच्या इमारतीतून बाहेर येणाऱ्या पाइपावरचे व्हॉल्व्ह इमारत बंदिस्त करण्याच्या संकेतावर मिटतात, तसेच आपत्कालीन फीडवॉटर सुरू झाल्यावरही मिटले पाहिजेत, कारण त्या वेळी जनरेटरमधला प्रत्येक लिटर अणुभट्टी थंड करण्यासाठी हवा असतो.

आठवे पाऊल: सुरू करणे

सुरुवात नेहमी थंड बाजूने करावी. बंद चक्राचे पाणी आणि कंडेन्सेट दोन्ही फिरू लागले आहेत, वरच्या टोकांची हवा काढली आहे आणि रेझिनची टाकी बाजूला ठेवून पाणी वळसा घालून कंडेन्सरकडे जात आहे, याची खात्री जागेवर जाऊन करावी; नियंत्रण कक्षातल्या दिव्यावर विसंबू नये. मग मुख्य व्हॉल्व्हला समांतर असलेला छोटा व्हॉल्व्ह किंचित उघडावा आणि पाइप तापू द्यावा. अर्धवट भरलेल्या थंड पाइपात २५० अंशांचे पाणी घुसले की वाफेचे बुडबुडे एकदम आकसतात आणि पाण्याचा दट्ट्या भिंतीवर आदळतो. आधी दूरवर टाचणी पडल्यासारखा टिक-टिक आवाज येतो, मग तो हातोड्याच्या घावांसारखा होतो. टिक-टिक ऐकू येताच व्हॉल्व्ह पुन्हा दाबून धरावा आणि पाइपाला आणखी वेळ द्यावा. पाइप शांत झाला, कूलरनंतरचे तापमान ५० अंशांच्या खाली स्थिरावले आणि पाण्याची विद्युतवाहकता टाकीला पेलण्याइतकी उतरली, की टाकी वाटेत घ्यावी आणि प्रवाह हळूहळू वाढवावा.

प्रवाह मापक कूलरनंतर, पाणी पूर्ण थंड असलेल्या जागी बसवावा. त्याची अचूकता फक्त रसायनशास्त्रासाठी नाही. अणुभट्टीची औष्णिक शक्ती काढताना फीडवॉटरला मिळालेल्या उष्णतेतून ब्लोडाऊनचा भाग वजा केला जातो, कारण ते पाणी वाफ न होताच बाहेर गेलेले असते. आपल्या उदाहरणात ही वजाबाकी सुमारे ६.३ मेगावॅट, म्हणजे एकूण औष्णिक शक्तीच्या जवळपास ०.८ टक्के आहे. मापक जास्त दाखवत असेल तर वजाबाकी जास्त होते, हिशेबातली शक्ती कमी दिसते, आणि अणुभट्टी परवान्याच्या मर्यादेपेक्षा वर चालवली जात असूनही कुणाला कळत नाही.

रोजची नोंद आणि बंद करणे

नोंदवहीत केवळ तापमान लिहून भागत नाही. दर पाळीला चार तापमाने आणि दोन प्रवाह घेऊन उष्णता-वहनाचा गुणांक काढावा आणि त्याचा आलेख ठेवावा. थर बसत असेल तर गुणांक आठवड्यागणिक हळूहळू उतरतो. एका पाळीत तो एकदम पडला तर हवा अडकली आहे किंवा थंड बाजूचा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट मिटला आहे असे समजावे. दोन्ही बाजूंची उष्णता जुळत नसेल तर आधी प्रवाह मापक तपासावा. गाळणीवरचा दाबातला फरक वाढत असेल तर गाळणी बदलण्यापूर्वी तिच्यावरचा गाळ प्रयोगशाळेला द्यावा. तो काळा मॅग्नेटाईट आहे की लालसर गंज आहे, यावरून फीडवॉटरमध्ये ऑक्सिजन शिरतो आहे का ते कळते.

बंद करताना क्रम उलटा असतो. रेझिनची टाकी आधी वाटेतून बाहेर काढावी, मग ब्लोडाऊनचे व्हॉल्व्ह मिटावेत, आणि कूलरमधल्या पाण्याचे तापमान ६० अंशांच्या खाली आल्याचे दोन्ही तापमापकांवर दिसल्यानंतरच थंड बाजूचे पाणी थांबवावे.